दैव फिरण्याचा क्षण : पडद्यावरचा आणि वावरातला

प्रश्न
लेखक : पऱ्हाटीवाला, ता. आर्वी, जि. वर्धा

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही एक जुना चित्रपट दाखवतो. भिंतीवर पांढरी चादर ताणायची, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणायचा आणि अंगणात सतरंज्या टाकायच्या, एवढीच व्यवस्था असते. मागच्या महिन्यात आम्ही 1951 सालचा 'अलबेला' दाखवला. त्याचे दिग्दर्शक, निर्माते आणि नायक असलेल्या भगवानदादांचा जन्म अमरावतीचा, तेव्हा आपल्याकडच्या माणसाचे काम लोकांनी पाहावे, असा विचार होता. चित्रपटातला प्यारेलाल हा साधा नोकरदार. त्याची नोकरी जाते, घरच्यांशी बिनसते, तो घर सोडतो आणि नाटक मंडळीत शिरून पाहता पाहता मोठा नट होतो. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या, गाण्यांना मुलांनी ताल धरला.

सतरंज्या गुंडाळताना माझ्या वडिलांनी विचारले की या माणसाचे पुढे काय झाले. मी वाचलेले सांगितले. गिरणी कामगाराचा हा मुलगा 'अलबेला'मुळे एवढा वर चढला की जुहूला 25 खोल्यांचा बंगला आणि दारात 7 मोटारी होत्या, असे सांगतात. पुढे त्याच धर्तीवर काढलेले 'झमेला' आणि 'लाबेला' चालले नाहीत, बंगला गेला, मोटारी गेल्या, लहानसहान भूमिका करत दिवस काढावे लागले आणि 2002 साली दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंग त् आपण अर्धाच सिनेमा पायला न बाप्पा."

त्यांच्या या बोलण्याला मागचा संदर्भ आहे. 2021 च्या दिवाळीत त्यांनी घरातला सगळा कापूस 8,000 रुपये क्विंटलने विकून टाकला, आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत भाव 10,000 च्या वर गेला. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून पुढच्या हंगामात त्यांनी 40 क्विंटल कापूस विकलाच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात फिरून कापूस घेणारा व्यापारी, दारात उभा राहून 9,000 देत होता, तरी ते थांबले. आमची बैठक आढ्यापर्यंत कापसाने भरली होती, आम्ही सगळे स्वयंपाकघरात आणि ओसरीत झोपत होतो, आणि लहान पुतणीच्या अंगाला खाज सुटून लाल चट्टे उठले होते. शेवटी मे 2023 मध्ये 7,200 ने तो कापूस गेला. क्विंटलमागे 1,800 प्रमाणे 72,000 रुपये हातचे गेले, आणि वाळल्यामुळे वजनात आलेली तूट वेगळीच. दोन्ही वर्षी आपण विचार करून निर्णय घेतला आणि दोन्ही वर्षी दैव उलटेच फिरले, असे ते आजही म्हणतात.

मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे की चित्रपटात एका क्षणात दैव फिरते तेव्हा आपण ते का स्वीकारतो, आणि कोणत्या वेळी ते खोटे वाटते? आणि प्रत्यक्ष आयुष्यात असा एक क्षण खरोखर असतो का? आपल्यापैकी कोणी तो जवळून पाहिला असेल, तर सविस्तर लिहावे.


प्रतिसाद 1
लेखक : निवृत्त शिक्षक, ता. तिवसा, जि. अमरावती

भाऊ, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. मी कौंडण्यपूरपासून जवळच राहतो. हे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे, पण विदर्भाची दुसरी राजकन्या दमयंती हिचेही माहेर परंपरेने इथलेच मानले जाते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला तिच्या नवऱ्याचीच कथा आठवली.

महाभारताच्या वनपर्वात सगळे राज्य फाशांवर घालवून बसलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्यापेक्षा दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय. तेव्हा ऋषी त्याला नळाची कथा सांगतात. नळही भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळून सर्वस्व हरतो, रानात पत्नीला सोडून जातो आणि बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. पुढे दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी ऐकून ऋतुपर्ण विदर्भाकडे निघतो आणि रथ नळ हाकत असतो. वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. त्याच्या फांद्यांवर किती पाने आणि किती फळे आहेत, हे राजा बसल्या जागी सांगतो. नळाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो, आणि हिशेब तंतोतंत जुळतो. मग नळाच्या अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या, म्हणजे फाशांचे आणि गणनेचे मर्म देतो. ती विद्या मिळताच नळाच्या शरीरात ठाण मांडून बसलेला, त्याचे दुर्दैव ओढवणारा कली बाहेर पडतो. फासे त्या काळी बेहड्याच्याच फळांचे करत असत, हे लक्षात घेतले म्हणजे कथाकाराने तेच झाड का निवडले असेल, ते कळते.

पुढे नळ पुष्कराकडून एका डावात राज्य परत जिंकतो. सभेत बसलेल्यांना वाटले असेल की एका क्षणात दैव फिरले. श्रोत्याला मात्र ठाऊक असते की ते रानातल्या झाडाखाली, कोणी पाहत नसताना, आधीच फिरले होते. उत्तम कथा आणि उत्तम चित्रपट श्रोत्याला त्या झाडाखाली घेऊन जातात, आणि वाईट चित्रपट त्याला फक्त सभेत बसवून ठेवतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि आयुष्यभर वर्गात शिकवताना मी तोच सांगत आलो.

आता कापसाविषयी थोडे स्पष्ट लिहितो, वडिलांनी राग मानू नये. 2021-22 मध्ये भाव चढला, कारण अतिवृष्टी आणि बोंडअळी यांमुळे देशातले पीक कमी आले होते आणि जगाच्या बाजारातही रुई महाग होती. एप्रिल 2022 मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढून टाकले, आणि त्याच वर्षाच्या मध्यापासून जागतिक भाव उतरू लागले. म्हणजे खेडा खरेदीवाला आपल्या दारात 9,000 सांगत होता, तेव्हा तो भाव मागच्या तेजीचा उरलेला भाग होता. वडिलांना हे दिसले नाही, यात त्यांचा दोष नाही, कारण ते दिसेल अशी सोय गावात नव्हती. मात्र ज्याला ते दैव म्हणतात, त्याची पाने आणि फळे मोजता येण्यासारखी होती, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.


प्रतिसाद 2
लेखक : आंबिया बहार, ता. मोर्शी

गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. सगळेच मोजता येत नाही. 2014 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली, ती आमच्या संत्र्याच्या बागेवर जेमतेम वीस मिनिटे पडली असेल. संध्याकाळी मी झाडांच्या ओळींमधून चाललो, तेव्हा पायाखाली गारा, पाने आणि फळे यांचा एकच चिखल झाला होता, आणि संपूर्ण बागेत कापलेल्या संत्र्याचा वास भरून राहिला होता. तो वास मला एरवी फार आवडतो. त्या दिवशी मात्र तो सहन झाला नाही.

यात मी कोणते झाड तोडून कोणती फळे मोजायची होती? पिकाचे नुकसान एका क्षणात झाले, हे निखळ सत्य आहे. चित्रपटवाले तेवढा क्षण चांगला दाखवतातही, ढग येतात, वाद्ये वाजतात, शेतकरी आकाशाकडे पाहतो. त्यांना दाखवता येत नाही ते पुढचे. गारांच्या माराने खोडाची आणि फांद्यांची साल फुटते. त्या जखमांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावत आम्ही कित्येक आठवडे काढले. वरून हिरवी दिसणारी फांदी आतून वाळत जाते आणि पुढच्या बहाराला कळते की ती गेली. त्या वीस मिनिटांचा हिशेब आम्ही तीन वर्षे फेडत होतो. म्हणून आपल्या वडिलांचे वाक्य मला पटले. अर्धाच सिनेमा दाखवतात.


प्रतिसाद 3
लेखक : धाकटी सून, जि. वाशीम

इथे दैव बिघडण्याविषयीच जास्त लिहिले गेले, म्हणून मी दैव उघडण्याविषयी लिहिते. आमची साडेचार एकर जमीन समृद्धी महामार्गात गेली. 701 किलोमीटरचा हा रस्ता, त्यातला नागपूर ते शिर्डी हा भाग 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, परंतु आमच्या घरात तो त्याच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. थेट खरेदीत जमिनीला सरकारी मूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळत होता आणि पैसे थेट खात्यात जमा होत होते.

माझ्या सासऱ्यांनी पासबुक भरून आणले त्या दुपारचे मला सगळे आठवते. ते ओसरीवर बसले, चष्मा पुसला, आणि त्या शेवटच्या आकड्याखाली नख ठेवून एकेक शून्य मोजत गेले. मग त्यांनी ते पासबुक माझ्या नवऱ्याला दिले आणि पुन्हा मोजायला सांगितले. त्यांचा हात थरथरत होता. आयुष्यभर पीककर्जाचे नवे-जुने करणाऱ्या माणसाने कधी एवढी रक्कम पाहिलीच नव्हती. चित्रपट असता तर इथेच संपला असता, आणि त्या क्षणापुरता तो खराही ठरला असता, कारण आम्ही सगळे त्या दिवशी रडलो होतो आणि ते रडणे आनंदाचे होते.

पुढच्या गोष्टी हळूहळू घडल्या. सातबाऱ्यावर दोन्ही नणंदांची नावे होती, त्यांच्या सह्यांशिवाय खरेदीखत होणारच नव्हते, आणि वाटा मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण दरवर्षी राखीला येणाऱ्या मोठ्या नणंदबाई त्या वर्षी आल्या नाहीत, कारण आमच्या घरातल्या कोणीतरी त्यांना हक्कसोड करून देण्याविषयी बोलले होते. दीरांनी गाडी घेतली. आम्ही शेजारच्या गावात जमीन पाहायला गेलो, तर आमच्यासारखे पैसेवाले आणखी दहा जण तिथे येऊन गेले होते आणि भाव दुपटीवर गेला होता. शेवटी गेलेल्या साडेचार एकरांच्या मोबदल्यातून तीन एकर मिळाले, आणि तेही हलक्या जमिनीचे, ज्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसते.

मी तक्रार करत नाही. कर्ज फिटले, माझ्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्याच पैशातून झाले, आणि ती आता नोकरीला लागली आहे. मोठ्या नणंदबाई दोन वर्षांनी तिच्या साखरपुड्याला आल्या, तेव्हा सासूबाई त्यांच्या गळ्यात पडून किती तरी वेळ रडल्या. आमचे दैव कोणत्या दिवशी फिरले, असे मला कोणी विचारले, तर पासबुकाच्या दिवसाचे नाव माझ्या तोंडून येणार नाही.


प्रतिसाद 4
लेखक : झाडीपट्टीकर, वडसा

मूळ प्रश्नातला एक भाग अजून शिल्लक आहे, की फिरलेले दैव खोटे केव्हा वाटते. मी तीस वर्षे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटके लिहितो आणि त्यांत कामेही करतो, त्यामुळे मला हे प्रेक्षकांनीच शिकवले आहे. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत प्रयोग चालतो. थंडीत कांबळे पांघरून बसलेला माणूस पहाटे चारपर्यंत जागा ठेवायचा, तर नुसत्या योगायोगाने भागत नाही.

उमेदवारीच्या काळात मी एका नाटकात पहाटेच्या प्रवेशात एक हरवलेला काका आणला होता. तो येतो, सावकाराचे देणे फेडतो आणि लग्न पार पडते. पहिल्याच प्रयोगात पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "येवढे दिवस कोठी होता गा हा?" सगळा मंडप हसला आणि माझे नाटक तिथेच बसले. दुसऱ्या प्रयोगाच्या आधी मी फक्त एक बदल केला. पहिल्या अंकात आईच्या हाती त्या काकाचे जुने पत्र दिले, जे तिला वाचता येत नाही आणि लाजेपोटी ती कोणाकडून वाचूनही घेत नाही. काका तोच, पैसे तेच, प्रवेशही तोच. पण या वेळी बायका पदराने डोळे पुसत होत्या.

'दीवार' (1975) चित्रपटातला 786 क्रमांकाचा बिल्ला आठवून पाहा. गोदीतल्या हमालाचा तो साधा बिल्ला, रहीमचाचा त्याचे महत्त्व आधीच समजावून सांगतो, पुढे तो गोळी अडवतो आणि शेवटी तोच हातातून निसटतो. प्रेक्षकाला बिल्ला ओळखीचा झालेला असतो, म्हणून तो पडतो तेव्हा छातीत धस्स होते. माझा दुसरा अनुभव असा की संकट योगायोगाने आले तर प्रेक्षक ते लगेच मानतो, कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात ते तसेच येते. मोर्शीच्या भाऊंची गारपीट मी रंगमंचावर कोणत्याही तयारीशिवाय आणू शकतो. सुटका मात्र योगायोगाने आली की तो पत्र मागतो, बिल्ला मागतो.

प्रत्यक्षातल्या दैवाने चित्रपटाचा शेवट बदलल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. 'कुली'च्या चित्रीकरणात 26 जुलै 1982 रोजी बंगळूरला अमिताभ बच्चन यांना मारामारीच्या प्रसंगात जीवघेणी दुखापत झाली. मूळ कथेत नायक मरणार होता. ते वाचले, आणि दिग्दर्शक मनमोहन देसाईंनी नायकालाही जिवंत ठेवले. 1983 मध्ये चित्रपट लागला, तेव्हा ज्या ठिकाणी दुखापत झाली तिथे चित्र क्षणभर थांबवून तसे पडद्यावर लिहिले होते. त्या जागी कोणत्याही पत्राची गरज नव्हती, कारण नायक का वाचला हे प्रत्येक प्रेक्षक घरून जाणून आला होता.


प्रतिसाद 5
लेखक : अंजनगाव सुर्जीची वाचक

आमच्या गावच्या, शाळेत महिना 1,500 रुपयांवर खिचडी शिजवणाऱ्या एका बाईंनी 2019 साली 'कौन बनेगा करोडपती'मध्ये 1 कोटी रुपये जिंकले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मला फक्त एवढेच नोंदवायचे आहे की त्यासाठी 15 प्रश्नांची उत्तरे बरोबर द्यावी लागतात, आणि ती उत्तरे त्या खुर्चीवर बसल्यावर सुचत नसतात. गुरुजींच्या बेहड्याच्या झाडासारखेच हे आहे. अशा बक्षिसावर 30 टक्के आयकर आणि वर अधिभार व उपकर लागतो, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा घरी येण्याआधीच जातो. हेही लोकांना ठाऊक नसते आणि मग गावात नको त्या चर्चा होतात.


प्रतिसाद 6
लेखक : निवृत्त शिक्षक, ता. तिवसा, जि. अमरावती

मोर्शीच्या भाऊंचे म्हणणे मी मान्य करतो. गारपिटीला मोजण्याची भाषा लावणे योग्य नव्हते.

वाशीमच्या ताईंचे लिहिणे मी दोनदा वाचले आणि मला कालिदासाचा कोळी आठवला. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या सुरुवातीला त्याला रोहित माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडते, आणि त्यासाठी राजाचे शिपाई त्याला चोर समजून बांधून आणतात. त्याला मारायला त्यांचे हात शिवशिवत असतात. तेवढ्यात राजाकडून अंगठीच्या किमतीएवढे बक्षीस येते. कोळी त्यातले अर्धे शिपायांना देतो, आणि लगेच कोतवाल त्याला आपला परममित्र म्हणत मद्याच्या दुकानाकडे घेऊन जातो. शकुंतलेचे दैव ज्या अंगठीने फिरवले, तिच्याबरोबर एका गरीब माणसाचे दैवही फिरले, आणि सभोवतालच्या माणसांचे चेहरे कसे बदलले हे कालिदासाने चार-सहा वाक्यांत लिहून ठेवले. कोळ्याच्या घरी पुढे काय झाले, हे मात्र त्याने लिहिले नाही. ताई, तो भाग आपण लिहिलात.


प्रतिसाद 7
लेखक : पऱ्हाटीवाला, ता. आर्वी, जि. वर्धा

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री जेवणानंतर मी हे सगळे वडिलांना वाचून दाखवले. नळाच्या झाडाचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. आयात शुल्काची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी विचारले की ती बातमी त्या वेळी पेपरात आली होती का, आणि आली होती असे मी सांगितल्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. वाशीमच्या ताईंचा प्रतिसाद ऐकताना आई आतून येऊन दाराशी उभी राहिली होती. नणंदबाई साखरपुड्याला आल्या, तिथे ती म्हणाली, "आल्या न, झालं."

यंदाचा कापूस तीन टप्प्यांत विकायचा, असे वडिलांनी ठरवले आहे: एक तृतीयांश दिवाळीला, एक संक्रांतीला आणि उरलेला होळीच्या आत. बैठकीत कापूस भरायचा नाही, ही पुतणीच्या आईची अट त्यांनी मान्य केली. येत्या शनिवारी आम्ही 'दीवार' दाखवतो आहोत. बिल्ला पहिल्यांदा कधी दिसतो ते आपण सगळ्यांच्या आधी ओळखणार, असे वडिलांनी जाहीर केले आहे आणि पुढची सतरंजी आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितली आहे. जवळपासच्या कोणाला यायचे असल्यास जरूर यावे. सात वाजता सुरू करू.